पिंपातली किल्ली : आयर्न मेडनच्या चाहत्यांमधली अल्पमतं



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्या दोन-तीन जुन्या श्रोत्यांनी मला दारातच गाठलं. "सर, तुम्ही आणि हेवी मेटल?" प्रश्न रास्त आहे. माझा कान ख्यालावर पोसलेला. पण तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाला एक प्रश्न जन्मभर छळत असतो : आवडीनिवडीत चूक-बरोबर असं काही असतं का? त्या प्रश्नाचा एक चांगला इतिहास मला या बँडच्या चाहत्यांमध्ये सापडला. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. तीही आज सांगून टाकतो.

आधी थोडा इतिहास. १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्या तरुणाने आयर्न मेडन हा बँड काढला. गायक बदलले, वादक बदलले, हॅरिस मात्र पहिल्यापासून आहे. १९८० आणि १९८१ च्या पहिल्या दोन अल्बमवर आवाज आहे पॉल डिॲनोचा. खरखरीत, रस्त्यावरचा आवाज. मग ब्रूस डिकिन्सन आला, उंच पट्टीत सहज फिरणारा गळा घेऊन. १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि चाहत्यांच्या मनात समीकरण पक्कं झालं : मेडन म्हणजे डिकिन्सन.

आता अल्पमत म्हणजे काय ते बघा. ज्याला हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्याचं मत इथे धरायचं नाही. तो घराबाहेरचा. अल्पमत घरातल्या माणसाचं असतं. ज्याला सगळे अल्बम पाठ आहेत, जो छातीवर एडीचं, म्हणजे बँडच्या त्या सांगाड्यासारख्या भुताचं, चित्र मिरवतो, तो जेव्हा म्हणतो की "पहिले दोनच अल्बम खरे, पुढचं सगळं नाटकी", तेव्हा ते टोचतं. कारण तो आपला असतो.

अशी मतं स्थिर राहत नाहीत, हेही लक्षात घ्या. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'मध्ये बँडने गिटारला सिंथेसायझर जोडले. हेवी मेटलच्या सोवळ्यात ते बसणारं नव्हतं, आणि कुरकूर झालीच. आज तोच अल्बम पुष्कळांच्या आवडीत अगदी वर आहे. म्हणजे कालचं अल्पमत आज बहुमत होऊन बसतं, आणि बसल्यावर आपण कधी अल्पमत होतो हे विसरतं!

पण या चाहत्यांमधलं सगळ्यात हट्टी अल्पमत आहे ब्लेझ बेलीबद्दलचं. १९९३ मध्ये डिकिन्सन बाहेर पडला. त्याच्या जागी वुल्फ्सबेन या बँडचा बेली आला. आवाज खालच्या पट्टीतला, जड. जुनी गाणी डिकिन्सनच्या गळ्याला बेतलेली. मंचावर ती गाताना बेलीची दमछाक व्हायची आणि ती सगळ्यांना ऐकू यायची. १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत पोचला, १९९८ चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळाव्या. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परत आले, बेली गेला. बहुमताने निकाल देऊन टाकला : ती पाच वर्षं विसरा.

आता माझी गोष्ट. १९९६ च्या सुमारास सौंदर्यशास्त्राच्या तासाला मी डेव्हिड ह्यूम शिकवत होतो. अभिरुचीच्या निकषावरचा त्याचा १७५७ चा निबंध. त्यात ह्यूम सर्व्हान्टेसच्या सांचो पांझाच्या तोंडची एक गोष्ट सांगतो. सांचोच्या दोन नातेवाइकांना वाइनचं एक पिंप चाखायला बोलावतात. एक म्हणतो, छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, छान आहे, पण लोखंडाची चव लागते. सगळे दोघांनाही हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. काळा टी-शर्ट, त्यावर एडी. म्हणाला, "सर, मेडनचा बेलीवाला नवा अल्बम मला सगळ्यात जास्त आवडतो. मित्र म्हणतात, तुला संगीत कळत नाही. मग पिंपात किल्ली आहे की नाही, ते कसं ओळखायचं?"

मी म्हणालो, "अरे, आधी पिंपात वाइन तरी आहे का बघ!"

वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. तो खाली बसला. बरं का मंडळी, ज्या गोष्टीत हसणारे चुकतात ती गोष्ट शिकवता शिकवता मी हसणाऱ्यांत जाऊन बसलो होतो. आणि तो अल्बम मी ऐकलेलासुद्धा नव्हता.

ऐकला तो निवृत्तीनंतर. पहिलंच गाणं, 'साइन ऑफ द क्रॉस', अकरा मिनिटांचं. सुरुवातीला मठातल्या प्रार्थनेसारखे स्वर. मागे उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोझ' ही कादंबरी. दुसऱ्या एका गाण्यामागे गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'. त्या काळात हॅरिसचं लग्न मोडत होतं. अल्बमभर पसरलेला काळोख ओढूनताणून आणलेला नाही. या काळोखाला बेलीचा जड आवाज शोभतो. मला तरी तसं ऐकू आलं.

मग किल्ली सापडली का? एका अर्थी सापडली. जानेवारी २००१ मध्ये रिओच्या प्रचंड गर्दीसमोर परत आलेल्या डिकिन्सनने 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही बेलीच्या काळातली दोन्ही गाणी गायली आणि मैदान दणाणलं. २०१८ च्या दौऱ्यातही ती दोन्ही होती. बँडला गाणी टाकून देता आली असती. त्यांनी ती जवळ ठेवली.

पण इथे घाई करू नका. यातून सिद्ध एवढंच झालं की गाणी चांगली होती. बेलीच्या आवाजाचा प्रश्न उघडाच राहतो. शिवाय मत अल्पसंख्य आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. 'व्हर्च्युअल इलेव्हन'मधलं 'द एंजल अँड द गॅम्बलर' जवळजवळ दहा मिनिटं तीच ओळ घोळवत राहतं. त्याबाबत बहुमताशी भांडायची माझी तयारी नाही. आणि काही जण उलटं बोलायचं म्हणूनच उलटं बोलतात. पिंपाला तोंड न लावताच त्यांना लोखंडाची चव लागते.

मग फरक कसा ओळखायचा? मुलाचा प्रश्न तोच होता, आणि त्याचं साधं उत्तर मला तेव्हा देता आलं असतं : "तुला नेमकं काय ऐकू येतं, ते सांग." ज्याने खरंच चाखलंय तो चव सांगू शकतो. चामडं, लोखंड, जे काय असेल ते. ह्यूम पुढे म्हणतो त्याचा आशय असा, की पिंप कधीच रिकामं झालं नसतं तरी त्या दोघांची जीभ तितकीच तरबेज राहिली असती. फक्त हसणाऱ्यांना ते पटवता आलं नसतं. किल्ली हसणाऱ्यांसाठी असते. चाखणाऱ्याला तिची गरज नसते. आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये बजावलं त्याप्रमाणे, अल्पमत चुकीचं निघालं तरी ते ऐकून घेण्यात आपलाच फायदा. नाहीतर आपलं बरोबर मतही नुसतं पाठांतर होऊन बसतं.

शेवटचं सांगतो. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनच्या जगदौऱ्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, वांद्रे-कुर्ला संकुलात. बँडच्या विमानाचा वैमानिक खुद्द डिकिन्सन. यादीत जवळजवळ सगळी ऐंशीच्या दशकातली गाणी, बेलीच्या काळातलं एकही नाही. दुसऱ्या दिवशी एक फोन आला. बारा वर्षांनी तो मुलगा बोलत होता. घसा पार बसलेला. म्हणाला, "सर, माझं एकही गाणं वाजलं नाही. पण बाकीची सगळी मी गायलो."

त्या फोनवर मी त्याची माफी मागितली. त्याला तो तास आठवतच नव्हता, असं तो म्हणाला. मला तेवढं खरं वाटलं नाही.