स्नायू म्हणजे स्प्रिंग नव्हे: फेनचा प्रयोग

शंभर वर्षांपूर्वी अनेक शरीरक्रियाशास्त्रज्ञांना वाटायचं, की उत्तेजित स्नायू म्हणजे ताणलेली स्प्रिंग. एका झटक्याला ठरावीक ऊर्जा मोकळी होणार. त्यातली काही कामी येणार, उरलेली उष्णता होणार. काम वाढलं तर उष्णता घटेल, बेरीज तीच. १९२२चे नोबेल मिळालेले ए. व्ही. हिलही याच मताकडे झुकले होते.

१९२३ साली वॉलेस फेन या अमेरिकन संशोधकाने हिल यांच्याकडेच काम करताना ही बेरीज तपासली. सामान साधंच: बेडकाचा स्नायू, उष्णता मोजणारा थर्मोपाइल, वजनं. स्नायू आखडू न देता धरून ठेवला, तर एकूण ऊर्जा कमी. आखडत वजन उचलू दिलं, तर जास्त. आणि ही वाढ साधारण केलेल्या कामाइतकी! स्प्रिंगचा हिशोब इथेच मोडला. स्नायू आखडत असतानाच भार बघून ऊर्जा खर्च करतो.

ते कसं, याचं पटणारं उत्तर १९५७मध्ये अँड्र्यू हक्सली यांनी मांडलं. मायोसिनचे दुवे अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात. स्नायू आखडताना या फेऱ्या वाढतात, आणि प्रत्येक फेरीला इंधन लागतं. म्हणूनच आकुंचनाचं कुठलंही मॉडेल घ्या, फेनची बेरीज जुळली नाही तर ते टिकत नाही.