शिक्षकांनो, दिवसभरात पाणी प्यायला वेळ मिळतो का? शाळेच्या वेळेतच तब्येत सांभाळण्याचे सोपे उपाय

बडनेरा जंक्शनवरून रोज कितीतरी शिक्षक अपडाउन करतात. कुणी मूर्तिजापूर-अकोल्याकडे जातं, कुणी अमरावतीहून इकडे येतं. गाडी गाठायची म्हणून सकाळी अर्धा कप चहावर निघायचं. मग परिपाठ, हजेरी, एकामागून एक तास, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती. शाळा सुटली की लक्षात येतं, पाण्याची बाटली तशीच भरलेली आहे.

स्वतःची काळजी घ्यायला वेगळा वेळ काढणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून शाळेच्या घंटेलाच काही सवयी जोडून घेणं सोपं पडतं.

पाणी का टाळलं जातं?

विसरणं हे एक कारण झालं. दुसरं कारण सहसा बोललं जात नाही. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसतं किंवा वर्ग सोडून जाता येत नाही, म्हणून अनेक शिक्षिका मुद्दामच पाणी कमी पितात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात मुलं आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी सांगितलं आहे. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाचा त्यात वेगळा उल्लेख नाही.

पाणी कमी आणि लघवी रोखून धरणं, ही सवय महागात पडते. जंतूंना वाढायला वेळ मिळतो आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो. घामावाटे पाणी गेलं की लघवी घट्ट होते आणि मुतखड्याचा धोका वाढतो.

काय कराल?
- प्रत्येक तास संपल्याची घंटा झाली की चार-पाच घोट पाणी प्या. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा हे बरं.
- शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांशी ठरवून घ्या: पाच मिनिटं तुम्ही माझा वर्ग बघा, पाच मिनिटं मी तुमचा.
- लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी वाढवा.
- उन्हाळ्यात डब्यासोबत ताक किंवा कैरीचं पन्हं न्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर पन्ह्यातल्या गुळा-साखरेचाही विचार करा.

लघवीला जळजळ, ताप किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखत असेल, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका.

आवाज का बसतो?

बोलताना स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात. पुरुषांच्या आवाजात त्या सेकंदाला साधारण 100 ते 120 वेळा, तर स्त्रियांच्या आवाजात सुमारे 200 वेळा कंप पावतात. सहा तास शिकवलं तर हा आकडा कुठे जात असेल, याचा अंदाज करा.

त्यात गोंगाटाची भर. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. एतिएन लोंबार्द या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे नोंदवलं. म्हणून त्याला लोंबार्द परिणाम म्हणतात. तुमची शाळा रुळांजवळ असेल, तर हे रोजच घडत असणार.

- गाडी जात असताना बोलू नका. तेवढ्यात फळ्यावर लिहा किंवा मुलांना वाचायला सांगा.
- वर्ग शांत करायला ओरडण्याऐवजी टाळीची खूण ठरवा. तुम्ही दोन टाळ्या दिल्या की मुलांनी तीन द्यायच्या.
- सारखं खाकरू नका, पट्ट्यांवर ताण येतो. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या.
- आवाज बसला असेल तर कुजबुजूही नका. त्यानंही घशावर ताण येऊ शकतो. शक्य तितका वेळ गप्प राहा.
- फळा ओल्या फडक्यानं पुसा, खडूची धूळ कमी उडते.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गिळताना त्रास, श्वास घ्यायला त्रास किंवा थुंकीत रक्त दिसलं तर एवढंही थांबू नका.

पाय आणि डबा

तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते वर ढकललं जातं. म्हणून मुलं लिहीत असताना टाचा 10-15 वेळा वर-खाली करा, वर्गात फेरी मारा. वह्या तपासायला मात्र बसा.

मधल्या सुट्टीतली निदान 10 मिनिटं फक्त जेवणासाठी ठेवा. भाकर-भाजीचा डबा हातात आणि दुसऱ्या हातात मोबाइलवरची माहिती, असं करू नका. सकाळच्या शाळेला नाश्त्याशिवाय निघत असाल, तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे पिशवीत असू द्या.

मन थकलं तर?

एखादा तास बिनसला की त्याचा राग पुढच्या वर्गावर निघतो. वर्गात शिरण्याआधी दाराशी थांबून तीन सावकाश श्वास घ्या. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. शाळेत विश्वासाचं एक माणूस असू द्या, ज्याच्याशी मोकळं बोलता येईल.

झोप लागत नाही, सतत रडू येतं, शाळेत जायचीच भीती वाटते, असं दोन आठवडे टिकलं तर मदत घ्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तो 24 तास सुरू असतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर लगेच फोन करा.

सगळं शिक्षकांवरच का?

नाही. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. आठवड्याचे किमान 45 कामाचे तास मोजताना त्यात पूर्वतयारीचा वेळही धरलेला आहे. वापरण्याजोगं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि एखादा मोकळा तास, हे विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी मांडा. एकट्यानं बोलायला अवघड वाटत असेल, तर दोघी-तिघींनी मिळून मांडा.

उद्यापासून सगळं सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात एवढंच: घंटा झाली की पाणी.