हेरिकाचे सरू

वणव्याच्या वाटेत झाडांचीच भिंत उभी करायची, ही कल्पना ऐकताना उलटी वाटते. भूमध्य समुद्राच्या काठी तिला बळ मिळालं ते भलत्याच कामासाठी लावलेल्या सरूंमुळे.

विसाव्या शतकात सरूंच्या मागे एक बुरशी लागली, सेरिडियम कार्डिनाले. 1928 मध्ये ती कॅलिफोर्नियात आढळली, पुढे दक्षिण युरोपात पसरली. साल तडकते, डिंक गळतो, फांद्या वाळतात. कोणते वाण तिच्यापुढे तग धरतात हे पाहण्यासाठी चाचणीच्या लागवडी झाल्या. त्यातली एक पूर्व स्पेनमध्ये, वॅलेन्सियाच्या मुलखातल्या हेरिका गावाजवळ.

जून 2012च्या अखेरीस जवळच्याच अंदिया भागात वणवा भडकला. सुमारे 20 हजार हेक्टर रान जळालं. वनस्पतिशास्त्रज्ञ बर्नाबे मोया लागवडीपाशी पोचले, तेव्हा आजूबाजूचे पाइन आणि ओक कोळसा झाले होते. सरू मात्र हिरवे उभे होते. 946 झाडांपैकी फक्त 12 जळाली होती.

योगायोग म्हणून हे सोडून दिलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. मोयांनी इटलीतल्या संशोधकांबरोबर पाला, डहाळ्या, पाचोळा तपासला. निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. सरूची पानं खवल्यांसारखी बारीक, फांदीला चिकटलेली. ऐन उन्हाळ्यातही ती पाणी धरून ठेवतात, म्हणून पेट घ्यायला वेळ लावतात. खालचा पाचोळा इतका दाट बसतो की त्यात हवा खेळत नाही, ओल मात्र टिकते. दाट लावलेल्या सरूंखाली गवत-झुडपंही फारशी वाढत नाहीत.

पण झाड तेच असलं तरी निगा नसेल तर गणित फिरतं. कॅलिफोर्नियात घराला खेटून लावलेल्या सरूंच्या आत वाळका पाला साठतो आणि ते मशालीसारखे पेटतात. म्हणून सरूला अग्निरोधक म्हणणं मला धोक्याचं वाटतं. तो आग मंद करतो, तेही योग्य जागी आणि आतून स्वच्छ ठेवला तर.

आपल्याकडे वणवे रोखायला वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं. ते काम हवंच. पण सह्याद्रीत परक्या सरूच्या रांगा लावू नका. इथला ऐन हा वृक्ष जाड सालीचा, वणवा सोसणारा आहे. असे आणखी कोण आहेत ते शोधू या. यंदा तुमच्या डोंगरावर वणवा लागून गेला, तर जळालेल्या झाडांसोबत वाचलेल्या झाडांचीही नोंद करा आणि ती वनखात्याला द्या.