बाळोत्याचा इतिहास



इतिहास म्हटला कीं किल्ले, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आजच्या भाषणाचा विषय त्या मानानें फार लहान, पण घरोघरच्या अनुभवाचा आहे. तान्ह्या मुलास घालावयाचें, ओलें झालें कीं बदलावयाचें आणि धुऊन पुन्हां वापरावयाचें जुनेराचें फडकें, म्हणजे बाळोतें, हा तो विषय होय. कित्येक घरीं त्यास बाळंतें म्हणतात. मराठी बायबलांत गव्हाणींतील बालक येशूस गुंडाळलें आहे तेंही बाळंत्यानेंच.

या वस्तूची चौकशी किती जुनी आहे हें पाहावयाचें तर चरकसंहिता उघडावी. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत मुलाच्या अंथरुणा-पांघरुणाचा विचार आला आहे. वस्त्रें मऊ, हलकीं व शुद्ध हवींत, मलमूत्रानें भरलेलीं वर्ज्य करावींत, असें ग्रंथकार सांगतो. आणि लगेच लोकस्थिति ओळखून पुस्ती जोडतो कीं, दुसरीं मिळण्यासारखीं नसतील तर तींच नीट धुवावींत, त्यांस धुरी द्यावी व पुरतीं कोरडीं झाल्यावर वापरावींत. पहिला नियम श्रीमंतांपुरता. बाकीच्या साऱ्या जगाचा संसार त्या पुस्तीवर चालत आला आहे. धुरीच्या द्रव्यांत जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ व वेखंड हीं सांगितलीं आहेत, आणि सापाची कातही सांगितली आहे. कात मागें पडली. वेखंड मात्र कोंकणांतल्या बाळंतिणीच्या खोलींत टिकून राहिलें.

कापड हें पूर्वीं जपून वापरावयाचें धन होतें. नऊवारी लुगडें विरेपर्यंत नेसावयाचें, मग त्याचीं बाळोतीं करावयाचीं, आणि तींही झिजलीं म्हणजे शेवटीं पोतेरें. तान्ह्यास नवें कापड घालूं नये, या समजुतीच्या बुडाशीं व्यवहार होता. खळ असलेलें नवें कापड कोवळ्या कातडीस कांचतें व पाणीही लवकर शोषीत नाहीं. विरलेलें सूत दोन्ही बाबतींत सरस. एका लुगड्यांतून, फाटका भाग वजा जातां, वीसएक बाळोतीं निघावयाचीं. मूल दिवसाकांठीं दहा-पंधरा सहज भिजवितें. तेव्हां रोजचें धुणें कोणासही चुकलें नाहीं. बाळंतविड्यांत कुंची, टोपडें, झबलें मिरवीत येत. बाळोत्यास तो मान नव्हता. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढें गिरणीचें स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोंचलें, तरी बाळोत्याची मदार जुनेरावरच राहिली. महायुद्धांत, १९४३ सालीं, कापडावर सरकारी नियंत्रण आलें. नेसतें लुगडेंच जेथें जपून वापरावयाचें, तेथें जुनेर तरी कोठून निघणार?

परंतु कापडाहून कठीण प्रश्न पाण्याचा. रेवस बंदर पाहा. धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं तें वसलें आहे. समोर करंजा, आणि उत्तरेस मुंबईचा समुद्र. डोळ्यांपुढें पाणीच पाणी, पण त्यांतलें एक घागरभरही बाळोत्याच्या उपयोगाचें नाहीं. समुद्राच्या पाण्यांतल्या चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांनीं साबण फाटतो, फेंस येत नाहीं. शिवाय खाऱ्या पाण्यांत धुतलेलें फडकें उन्हांत वाळलेलें दिसलें तरी त्यांत राहिलेले क्षार हवेंतली ओल ओढून घेतात आणि तें पुन्हां दमट होतें. असें फडकें मुलाच्या जांघेस घासलें कीं कातडी लाल होऊन सोलवटते. म्हणून निदान शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावाच लागे. खाडीकांठच्या खारेपाटांत उन्हाळ्यांत विहिरी मचूळ होतात व गोडें पाणी दुरून, डोक्यावरून आणावें लागतें. प्यावयास आणलेल्या हंड्यांतलें पाणी बाळोत्यांवर किती ओतावें, हा हिशेब जिला रोज करावा लागे तिला आरोग्यशास्त्राचे धडे देण्यापूर्वीं तिची विहीर पाहावी, असें माझें मत आहे.

पावसाळ्यांत उलट गत. पाणी पागोळ्यांखालीं मिळे, ऊन मात्र नाहीं. मग शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तीवर बाळोतीं सुकवावयाचीं आणि निखाऱ्यांत ओवा, वेखंड टाकावयाचें. चरकाची पुस्ती ती हीच.

या धुण्याशीं मुलांचें जगणें बांधलेलें होतें. गिरणगांवांतल्या पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास माहेरीं कोंकणांत येत. अलीबागकडच्या असल्या तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीनें. पुढें मूल घेऊन त्या एका खोलीच्या बिऱ्हाडीं परतत, जेथें नळ सामाईक आणि वाळत घालण्यास गॅलरीचा कठडा. १९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदलेल्या हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकमृत्यु नोंदले गेले. हा आंकडा फुगलेला आहे, कारण कित्येक जन्म कोंकणांत होत व मृत्यु मुंबईंत. ती फूग काढली तरी उरतें तें भयंकरच आहे. अर्भकें नेणाऱ्या रोगांत अतिसार होता, आणि अतिसाराचा एक मार्ग बाळोत्यावरून हातास व हातावरून दुधाच्या भांड्यास जातो.

साबणाची कथा थोडक्यांत सांगतां येईल. राखेचें पाणी व रिठे हीं जुनीं साधनें. १८८८ सालीं विलायतेचा सनलाइट साबण कलकत्त्यास उतरला. १९१८ सालीं गोदरेजांनीं वनस्पतितेलाचा साबण काढला.

अमेरिकेंत मॅरियन डोनोव्हन या बाईनें १९४६ सालीं न्हाणीघराच्या पडद्याचें कापड शिवून लंगोटावरचें जलरोधक आवरण केलें, आणि १९६१ सालीं पॅम्पर्स नांवाचा टाकाऊ लंगोट बाजारांत आला. आपल्याकडेही आतां तो सर्रास मिळतो. त्याला नाकें मुरडणारे व बाळोत्याचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात. त्यांतल्या किती जणांनीं एखादें बाळोतें स्वतः पिळलें आहे हें विचारावें. तरीपण प्लास्टिकचा तो लंगोट कुजत नाहीं हेंही खरें. उघड्यावर टाकला तर पावसाबरोबर नाल्यांतून खाडींत उतरतो. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं तो वेगळा गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली.

अलीकडे धुऊन वापरावयाचे शिवलेले कापडी लंगोटही शहरांत विकत मिळतात. त्यांस बटणें असतात, आंत शोषक घड्या असतात. ते पूर्ण सुकल्यावांचून मुलास घालावयाचे नसतात. धुरी तेवढी गळली आहे. धुण्याचें पाणी मात्र गोडेंच लागतें.