स्वमग्न मुलाला उपचार किती?

स्वमग्नतेचे निदान होताच ‘आठवड्याला ४० तास’ हा आकडा पालकांच्या कानी पडतो. त्याचे मूळ ईव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या अमेरिकी अभ्यासात आहे. त्यातील १९ पैकी ९ मुलांनी सर्वसाधारण शाळेत पहिलीची इयत्ता पार केली. मात्र मुलांची गटवारी यादृच्छिक नव्हती आणि उपचारांत मांडीवर चापट मारण्याचाही समावेश होता. ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. पुढे अनेक स्वमग्न प्रौढांनीच या पद्धतीवर आक्षेप घेतले.

स्वतःला इजा करणे, झोप न लागणे, गरज सांगता न येणे यांवर मदत लवकर घ्यावी. हात फडफडवणे निरुपद्रवी असते. ते थांबविण्यासाठी मुलाचे खेळाचे तास खर्ची घालणे अनाठायी. बोलणे लांबल्यास चित्रे व खुणा वापराव्यात. त्यांमुळे वाचा खुंटते, हा समज निराधार आहे.