काडी लावून पेटवायचा विजेचा दिवा

पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो, स्कॅनर पी ०१३५ हा कोड दाखवतो आणि गॅरेजवाला सांगतो, “एअर-फ्युएल सेन्सर गेला, बदलावा लागेल.” बदलायचा का? उत्तरासाठी मी तुम्हाला आधी जर्मनीतल्या गॉटिंगेनला नेतो.

१८९७ च्या सुमारास तिथे प्राध्यापक वाल्टर नेर्न्स्ट यांनी एक दिवा बनवला. तारेऐवजी त्यात झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या सिरॅमिकची, बारीक कांडी होती. गंमत अशी की ही कांडी थंड असताना वीज जवळजवळ वाहूच देत नाही. म्हणून सुरुवातीला विजेचा दिवा काडी ओढून तापवावा लागे! पुढे शेजारी तापवणारी तार बसवली. नंतर टंगस्टनचे बल्ब आले आणि हा दिवा मागे पडला.

झिर्कोनिया मात्र टिकला. तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. दोन्ही बाजूंना ऑक्सिजन कमी-जास्त असेल तर व्होल्टेज तयार होतं. किती, ते नेर्न्स्ट यांच्याच १८८९ च्या समीकरणातून निघतं. बॉश कंपनीने एका बाजूला इंजिनाचा धूर आणि दुसरीकडे बाहेरची हवा ठेवली, आणि १९७६ मध्ये अमेरिकेत जाणाऱ्या व्हॉल्वो गाड्यांत हा सेन्सर बसला. कारण होतं तिथले प्रदूषणाचे कायदे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवाच लागते.

आपल्याकडे आधी शिसं आडवं आलं. शिशाच्या पेट्रोलने कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही मरतात. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, २००० मध्ये देशभर.

आता कोडकडे या. पी ०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. कोड सर्किटवर बोट ठेवतो, सेन्सरवर नाही! नेर्न्स्टची कांडी काडीने तापायची, ही हीटरने तापते. हीटरला वीजच मिळाली नाही तर चांगला सेन्सरही थंडच राहील.

म्हणून इंजिन गार असताना आधी फ्यूज पाहायचा. मग कनेक्टर काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत, हीटरच्या वायरवर सुमारे १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने मोजायचं. येत नसतील तर दोष फ्यूज, रिले किंवा वायरिंगचा: सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर, उंदराने कुरतडलेली, पावसात हिरवट झालेली पिन. व्होल्ट येत असतील तर सेन्सरच्या हीटरचा रोध मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. तिथे सर्किट तुटलेलं दिसलं, तर सेन्सर खरंच बदला. रोधही बरोबर असेल, तर ईसीयूकडे जाणारी वायर तपासायची.

आणखी एक. जुना सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर होतो. नव्वदच्या दशकापासून आलेला एअर-फ्युएल सेन्सर तसा होत नाही. त्याची भाषा अगदी थोड्या करंटची असते. जुन्या सवयीने मल्टिमीटर लावून “काटा हलत नाही, मेला” असं ठरवणारे कारागीर मी बरेच पाहिलेत. वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं, हेही खरं. तरी सेन्सरची ऑर्डर देण्याआधी एवढंच विचारा: हीटरला व्होल्ट किती आले?