शरदातली संध्याकाळ आणि सायकलचा दिवा

‘पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. संशोधनाच्या दृष्टीने मात्र ते फार उपयोगाचं नाही, कारण त्यात फक्त सायकली आहेत, फेऱ्या नाहीत. कोण, कुठून कुठे, किती वाजता आणि कशासाठी जात होतं? मंडईत, गिरणीवर दळण घेऊन, शाळेत, कचेरीत, नवरात्रात चतुःशृंगीला. काही जण पायी, काही सायकलवर. मैल-दोन मैलांच्या या फेऱ्यांचा इतिहास लिहायचा तर कागद कुठे शोधायचे?

आधी सरकारदरबारी काय उरलं ते बघू. नगरपालिका वाहनांवर कर घेत असत, त्यात सायकलही आली. कर भरला की बिल्ला मिळायचा. पण बिल्ला मोजतो मालकी. घरात एकच सायकल, ती सकाळी वडील नेणार, संध्याकाळी मुलगा. कागदावर नोंद एकच. तासावर भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानाच्या वहीत खरं तर सोनं असतं: नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. छोट्या फेरीची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण दुकान बंद झालं की वही जाते रद्दीत. पायी जाणाऱ्याची तर कुठेच नोंद नाही. त्याला ना बिल्ला, ना भाडं.

राहतात पोलिसांचे खटले. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवणं, डबलसीट बसणं यासाठी दंड व्हायचा. जुन्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हवालदार दिसला की मागच्याने टुणकन उडी मारायची, हा किस्सा ठरलेला. विद्यार्थी इथेच घसरतात. खटल्यांचा आकडा वाढला की ‘बेशिस्त वाढली’ किंवा ‘पोलीस कडक झाले’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्याआधी आकाशाकडे बघायला हवं, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

शरद ऋतू, म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस उघडलेला, रस्ते वाळलेले, म्हणजे सायकल पुन्हा बाहेर. पण दुपारी ऑक्टोबरचं कडक ऊन. त्यामुळे बाजारहाट, देवदर्शन, कुणाकडे जाणं-येणं हे सगळं उन्हं कलल्यावर. आणि नेमका याच काळात सूर्य लवकर मावळायला लागतो. पुण्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला तो पावणेसातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्याला सहाच्या आसपास. घरी परतण्याची वेळ तीच, माणूस तोच, सायकल तीच. गणपतीत जो उजेडात घरी पोचत होता, तो दिवाळीत अंधारात सापडतो. शरदात दिव्याचे खटले वाढलेले दिसले तर आधी ही शक्यता तपासायची, मग शिस्तीबद्दल बोलायचं.

आता यात आणखी एक गुंता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1 सप्टेंबर 1942 पासून, हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. 15 ऑक्टोबर 1945 ला ती परत मागे आली. तारीख बघा, ऐन शरदातली! पुण्यात त्या सुमाराला सूर्यास्त आजच्या वेळेप्रमाणे सव्वासहाच्या आसपास असतो. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत घड्याळात सव्वासातला होणारा सूर्यास्त एका रात्रीत सव्वासहावर आला. कचेरी सुटण्याची घड्याळातली वेळ तीच राहिली असेल, तर सहाला सुटून साडेसहाला घरी पोचणारा माणूस एकदम अंधारात गेला. 1945 च्या नोंदींवर काम करणार असाल तर ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऑक्टोबरचा अख्खा महिना एकत्र मोजलात तर दोन वेगळी घड्याळं मिसळून बसाल.

आणि तेल? सायकलचे जुने दिवे बरेचसे रॉकेलचे. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथलं तेल बंद झालं आणि रॉकेलची टंचाई सुरू झाली. घरात चिमणी लावायची की सायकलचा दिवा, हा प्रश्न ज्या घरात होता तिथला माणूस ‘विना दिवा’ पकडला गेला, तर त्या नोंदीला बेशिस्त म्हणायचं की टंचाई? माझ्या मते टंचाई ही शक्यता आधी धरावी, आणि त्या महिन्यातले रॉकेलचे भाव व वाटपाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून शेजारी ठेवून मगच पुढे जावं. नाहीतर शंभर वर्षांनी आपणही त्या सायकलवाल्याला दुसऱ्यांदा दंड करतो.

अलीकडचे आकडे तरी पुरे पडतात का? 2011 च्या जनगणनेत कामाच्या जागेचं अंतर आणि तिथे जाण्याचं साधन विचारलं गेलं. तक्ता बी-28. पायी, सायकल, बस असे सगळे रकाने आहेत, जरूर वापरा. पण तो आहे फक्त ‘इतर कामगारां’चा. शेतकरी आणि शेतमजूर त्यात नाहीत, घरगुती उद्योगातले नाहीत. शाळेत चालत जाणारी मुलं नाहीत. भाजी आणायला, मुलाला शाळेतून आणायला, दवाखान्यात जाणारी बाई तर नाहीच, कारण ती ‘कामाला’ जात नाही. शहरातल्या सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात जास्त वेळा होणाऱ्या फेऱ्या त्या तक्त्याबाहेर आहेत. शिवाय गणना झाली फेब्रुवारीत. पावसाळ्यात सायकल सोडून बस धरणारा आणि दसऱ्यानंतर परत सायकल काढणारा माणूस एकाच रकान्यात जाऊन बसतो.

म्हणून मुलाखती. पण ‘तुम्ही सायकल किती वापरायचात?’ असं विचारलं की ‘खूप!’ एवढंच उत्तर येतं आणि मग नॉस्टॅल्जिया सुरू. त्यापेक्षा ऋतू धरून विचारा. दसरा ते दिवाळी घरी यायला अंधार व्हायचा का? दिवा रॉकेलचा होता की डायनामोचा? डायनामो लावला की पायडल जड जायचं, मग तुम्ही तो कुठल्या चौकात लावायचात? आणि घरात आजी असतील तर त्यांच्याकडे वळा: मंडईत कुठल्या रस्त्याने चालत जायचात, सोबत कोण असायचं, आणि अंधार पडायच्या आत परतायचं असा घरात नियम होता का?